एका विद्यार्थिनीचे स्वयंपाकघर

गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत माझी भाची आठ दिवस माझ्याकडे राहावयास आली होती. ती वास्तुकलेच्या महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला आहे. बरोबर कपडे थोडे आणि कागदांची भेंडोळी फार! आल्याच्या दुसऱ्याच दिवशी तिने माझ्या स्वयंपाकघराला टेप लावली. ओट्याची उंची, ओट्यापासून मोरीपर्यंतचे अंतर, डब्यांच्या फळीची उंची, सारे तिने टिपून घेतले. मग एक स्टूल घेऊन ती कोपऱ्यात बसली, आणि मी सकाळचा स्वयंपाक करीत असता किती वेळा वळते, किती वेळा वाकते, याच्या वहीत रेघा मारू लागली. पोळ्या लाटावयाची वेळ आली तेव्हा मी रोजच्यासारखा भिंतीशी टेकवलेला लाकडी पाट ओढला आणि त्यावर उभी राहिले. तिचा हात थांबला.

"मावशी, पाटावर का उभी राहतेस?"

"अगं, ओटा उंच पडतो. खाली उभी राहून लाटले की खांदे भरून येतात."

"मग इतका उंच बांधायला कोणी सांगितला?"

आता सांगतो कोण? घर घेतले तेव्हा गवंड्याने आपल्या अंदाजाने ओटा बांधला, यजमानांनी पैसे चुकते केले आणि मी पोळ्या लाटावयास लागले. त्याला आता तीस वर्षे झाली. तीस वर्षांत या ओट्याची उंची मला कोणी विचारली नव्हती. आणि खरे सांगावयाचे तर, ती विचारण्याजोगी गोष्ट आहे हे माझ्याही ध्यानात आले नव्हते.

त्या रात्री भाचीने मला एका विद्यार्थिनीची हकीकत सांगितली. ती ऐकून मी पुढे मिळेल तेथून त्याविषयी वाचले. आपल्या स्मरणिकेसाठी काही लिही, असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा हाच विषय घ्यावयाचे ठरविले. विषय परदेशचा आहे. परंतु स्वयंपाकघराला परदेश कसला?

या विद्यार्थिनीचे नाव मार्गारेटे लिहॉट्स्की. तिचा जन्म २३ जानेवारी १८९७ रोजी ऑस्ट्रियातील व्हिएन्ना शहरी एका मध्यमवर्गीय घरात झाला. वडील सरकारी नोकरीत होते. १९१५ साली, पहिले महायुद्ध चालू असताना, तिने तेथील उपयोजित कलांच्या सरकारी विद्यालयात प्रवेश घेतला. त्या शाळेत मुली नव्हत्या असे नाही. चित्रकला, विणकाम, भांड्यांवरील नक्षी यांसाठी त्या येतच. हिला मात्र घरे बांधावयास शिकावयाचे होते. घरच्यांनी समजावून पाहिले, शिक्षकांनीही समजावून पाहिले. बाईच्या हाती घराचे काम कोण देणार, हाच सर्वांचा प्रश्न. पुढे म्हातारपणी तिने स्वतःच कबूल केले की, असे काम आपल्याला कोणी देईल ही कल्पना त्या वेळी तिच्याही मनात नव्हती. तरीही ती हटली नाही. ऑस्ट्रियातील पहिल्या स्त्री-वास्तुविशारदांत आज तिची गणना होते.

१९१७ साली शाळेत एक स्पर्धा जाहीर झाली. विषय होता कामगारांच्या घरांचा. लिहॉट्स्कीने भाग घ्यावयाचे ठरविले आणि ती आपले शिक्षक ऑस्कर स्ट्रनाड यांच्याकडे गेली. त्यांनी तिला एकच गोष्ट सांगितली: कागदावर एक रेघ ओढण्यापूर्वी कामगारांच्या वस्तीत जा आणि ते लोक कसे राहतात ते आपल्या डोळ्यांनी पाहून ये.

भगिनींनो, मला वाटते या सगळ्या हकीकतीचे मूळ या एका सूचनेत आहे. वीस वर्षांची ती मुलगी त्या वस्त्यांत गेली. त्या काळचे व्हिएन्ना म्हणजे राजवाड्यांचे आणि संगीताचे शहर असे आपण ऐकतो. पण त्याच्या बाहेरच्या अंगाला कामगारांच्या इमारती होत्या. एक खोली आणि एक स्वयंपाकघर, त्यात सारे कुटुंब. स्वयंपाकघराची खिडकी उघडायची ती बाहेर नव्हे, तर सामाईक बोळात. पाण्याचा नळ त्या बोळातच, मजल्यावरच्या सर्वांना मिळून एक. शौचकूपही सामाईक. भाडे परवडत नसे, म्हणून कित्येक कुटुंबे घरातली एखादी खाट दुसऱ्याला काही तासांपुरती भाड्याने देत. रात्रपाळीचा मनुष्य दिवसा येऊन झोपून जाई. चाळीत वाढलेल्या माझ्यासारखीला हे वाचताना परक्या मुलखाचे काही वाचतो आहोत असे वाटले नाही.

हे सारे पाहून तिने जो आराखडा केला, तो राहत्या स्वयंपाकघराचा होता. म्हणजे जेथे रांधावयाचे, तेथेच जेवावयाचे आणि तेथेच कुटुंबाने उठावयाचे-बसावयाचे. उबेची जागा घरात एकच, ती चुलीपाशी. मग कुटुंब दुसरीकडे कोठे बसणार? या आराखड्याला शाळेचे पारितोषिक मिळाले. विद्यार्थिदशेतले तिचे हे काम आणि नऊ वर्षांनी तिने केलेले जगप्रसिद्ध काम यांत एक मोठा फरक आहे. त्याविषयी पुढे सांगेन.

येथे एक गंमतीची गोष्ट सांगितली पाहिजे. बाई होती म्हणून तिला स्वयंपाकघराचे ज्ञान असणारच, असे पुष्कळांना वाटे. वस्तुतः तिने तोवर स्वयंपाक फारसा केलाच नव्हता, आणि हे ती उघडपणे सांगे. तिच्याजवळ होती ती पाहण्याची सवय.

१९१९ साली शिक्षण पुरे झाले. युद्ध संपले होते, साम्राज्य मोडले होते, आणि व्हिएन्नात अन्नाची व घरांची भयंकर टंचाई होती. लोक शहराबाहेरच्या मोकळ्या जमिनी ताब्यात घेऊन भाजीपाला पिकवीत आणि स्वतःच्या हातांनी झोपड्या बांधीत. या वसाहतवाल्यांच्या चळवळीत ती काम करू लागली. प्रसिद्ध वास्तुविशारद अडोल्फ लोस यांच्याबरोबरही तिने तेव्हा काम केले. पुढे क्षयरोगाने तिचे आईवडील गेले आणि तिलाही त्या रोगाने गाठले. १९२४ साली तिला आरोग्यधामात राहावे लागले. रोगातून ती बरी झाली. आणि १९२६ च्या आरंभी जर्मनीतील फ्रांकफुर्ट शहरातून तिला बोलावणे आले. तेथील नगरपालिकेचे वास्तुविशारद अर्न्स्ट माय हे कामगारांसाठी व लहान पगारदारांसाठी हजारो घरे बांधावयाच्या खटपटीत होते. त्यांनी तिच्यावर स्वयंपाकघराचे काम सोपविले.

आता तिने काय केले ते पाहू. स्वयंपाकघर शास्त्रशुद्ध असावे हा विचार अगदी नवा नव्हता. अमेरिकेत कॅथरिन बीचर आणि तिची बहीण हॅरिएट बीचर स्टो या दोघींनी १८६९ साली काढलेल्या पुस्तकात नीटनेटक्या, हाताशी सर्व असलेल्या स्वयंपाकघराचा आराखडा दिला होता. विसाव्या शतकाच्या आरंभी तिथल्याच क्रिस्टीन फ्रेडरिक या बाईंनी कारखान्यातील कामाप्रमाणे घरकामाच्याही हालचाली मोजून पाहिल्या, आणि भांडी-सामान चुकीच्या जागी असले की बाईची किती पायपीट होते ते चित्रांनी दाखविले. लिहॉट्स्कीने त्यांचे पुस्तक वाचले होते. शिवाय आगगाडीच्या भोजनडब्यातील मुदपाकखाना तिने अभ्यासला. एवढ्याशा जागेत सुमारे शंभर माणसांचे जेवण कसे होते, हा तिला प्रश्न होता. मग घड्याळ लावून तिने एकेका कामाला लागणारा वेळ मोजला.

यातून जे तयार झाले त्यालाच 'फ्रांकफुर्ट स्वयंपाकघर' म्हणतात. रुंदी सुमारे १.९ मीटर आणि लांबी ३.४४ मीटर, आपल्या भाषेत सव्वासहा फूट रुंद आणि सव्वाअकरा फूट लांब. खिडकी बाहेर उघडणारी, आणि काम करावयाचे टेबल नेमके त्या खिडकीखाली, म्हणजे उजेड हातावर पडतो. टेबलाशी फिरते स्टूल, कारण भाजी चिरताना उभेच राहिले पाहिजे असा काही नियम नाही. टेबलालाच एक खाच. साली व देठे त्यातून खालच्या खणात लोटावयाची. धुतलेली भांडी निथळण्यासाठी जाळीची फळी, म्हणजे पुसण्याचे काम वाचले. इस्त्रीचा पाट भिंतीला बिजागरीने बसविलेला. हवा तेव्हा खाली ओढावा, नको तेव्हा वर उचलून ठेवावा. तांदूळ, साखर, डाळी यांसाठी अ‍ॅल्युमिनियमचे छोटे खण, त्यांना मागे मूठ आणि पुढे चोच. खण ओढून थेट भांड्यात ओतावयाचा. पिठाचा खण मात्र ओक लाकडाचा, कारण त्या लाकडाने पिठात अळ्या होत नाहीत अशी समजूत होती. कपाटांना निळसर रंग, कारण निळ्या रंगावर माश्या बसत नाहीत असे तेव्हाचे संशोधक सांगत. जेवणाच्या खोलीकडे एक रुंद सरकते दार. ते उघडे ठेवले की शेगडीपाशी उभ्या असलेल्या बाईला खोलीत खेळणारे मूल दिसे.

हे सारे सामान कारखान्यात एकसारखे तयार करून घरात बसवीत. त्यामुळे किंमत कमी पडे, आणि तीही घरभाड्यातच धरलेली असे. कामगाराच्या बायकोला कपाटांसाठी वेगळे पैसे उभे करावे लागत नसत. पुढील काही वर्षांत अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे फ्रांकफुर्टमध्ये बसली. आज आपण ज्याला हौसेने 'मॉड्युलर किचन' म्हणतो आणि ज्यासाठी लाखांचे आकडे ऐकतो, त्याची पणजी ती हीच. आणि ती श्रीमंतांच्या बंगल्यात नव्हे, तर कामगारांच्या वसाहतीत जन्मली, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

त्याच दशकात आपल्या मुंबईत काय चालले होते? गिरणगावात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट कामगारांसाठी चाळी बांधीत होते. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी. प्रत्येक चाळीत तळमजल्यावर तीन मजले, एकूण ८० खोल्या, आणि प्रत्येक खोली सुमारे १६० चौरस फुटांची. माझे माहेर नायगावच्या अशाच चाळीतले. आम्ही सात माणसे त्या एका खोलीत राहत होतो. एका कोपऱ्यात मोरी, तिच्याशेजारी रॉकेलचा स्टोव्ह, वर फळीवर पितळी डबे. तेच स्वयंपाकघर, तेच न्हाणीघर, आणि रात्री स्टोव्ह सरकवून तेथेच धाकट्या भावाचे अंथरूण. आईने सारा जन्म जमिनीवर बसून आणि उठून स्वयंपाक केला. फ्रांकफुर्टचे ते नुसते स्वयंपाकघर सुमारे ७० चौरस फुटांचे होते, म्हणजे आमच्या अख्ख्या घराच्या निम्म्याला थोडे कमी! दोन्हीकडे घरे सरकारी यंत्रणेनेच बांधली, दोन्हीकडे ती कामगारांसाठीच होती. परंतु त्या चाळीत बाई रांधणार कोठे, याचा विचार कोणा आखणाऱ्याने केल्याची खूण मला तरी माझ्या लहानपणीच्या त्या खोलीत आठवत नाही. आता तेथील जुन्या चाळी पाडून उंच इमारती उभ्या राहात आहेत. त्यांतल्या स्वयंपाकघरांना पुरेसा उजेड मिळो, एवढेच माझ्यासारखी माहेरवाशीण म्हणणार.

आता मघाशी राहिलेली गोष्ट. विद्यार्थिनी असताना लिहॉट्स्कीने कुटुंबाला चुलीभोवती बसविले होते. फ्रांकफुर्टला तिने चूल वेगळ्या खोलीत नेली. धूर, वाफ, वास हे बसावयाच्या खोलीत येऊ नयेत, काम झटपट आवरावे आणि बाईला स्वतःसाठी वेळ उरावा, हा तिचा हेतू. हेतू चांगलाच होता. परंतु घरे ताब्यात आल्यावर काही कुरबुरी निघाल्या. त्या अरुंद खोलीत एकीच बाई काम करू शके; सासू-सून किंवा मायलेकी दोघी मिळून उभ्या राहावयाच्या म्हटले तर कोपराला कोपर लागे. लोकांना स्वयंपाकघरात बसून जेवावयाची जुनी सवय; ते तेथेच टेबल कोंबू पाहत. सारे सामान भिंतीला जखडलेले, म्हणून कोणाला आपल्या सोयीने काही हलविता येत नसे. एका वसाहतीत तर विजेच्याच शेगड्या होत्या, आणि विजेचे बिल पाहून गृहिणी हबकल्या. पुढे १९७० नंतर स्त्रियांच्या चळवळीतल्या लेखिकांनी आणखी एक आक्षेप घेतला: या स्वयंपाकघराने बाईचे पाय वाचविले खरे, पण तिला घरातल्या माणसांपासून तोडून एकटीला दाराआड उभे केले, आणि स्वयंपाक हे तिचे एकटीचेच काम, हेही जणू भिंतीत पक्के बसवून टाकले.

हा आक्षेप मला पटतो आणि पटतही नाही. आईला जर कोणी खिडकीखालचे टेबल आणि फिरते स्टूल दिले असते, तर तिचे गुडघे आणखी दहा वर्षे टिकले असते. पण हेही खरे की, चाळीतल्या त्या खोलीत आई कधी एकटी नसे. आम्ही तिच्यापाशी बसून अभ्यास केला, शेजारच्या काकूंनी दारातून वाटी पुढे करीत सुखदुःख सांगितले. दोन्ही गोष्टी एकाच घरात का असू नयेत? लिहॉट्स्की पाऊलन् पाऊल मोजावयास शिकली होती. पण एका विद्यार्थिनीला शिक्षकांनी सांगितलेली ती पहिली गोष्ट, जाऊन पाहण्याची, प्रत्येक नव्या घरासाठी नव्याने करावी लागते. दहा हजार घरांना एकच माप लावले की तेवढी ती राहून जाते.

या बाईंचे पुढचे आयुष्यही सांगितल्यावाचून राहवत नाही. १९२७ साली विल्हेल्म शुट्टे या सहकारी वास्तुविशारदाशी लग्न करून ती शुट्टे-लिहॉट्स्की झाली. १९३० साली अर्न्स्ट माय यांच्या चमूबरोबर ती सोव्हिएत रशियात गेली आणि तेथे तिने बालवाड्या, पाळणाघरे व मुलांच्या मापाचे सामान आखले. १९३८ पासून ती तुर्कस्तानात होती. तेथे सुरक्षित असतानाही हिटलरच्या राजवटीविरुद्ध गुप्तपणे काम करण्यासाठी ती १९४० च्या अखेरीस व्हिएन्नाला परतली, आणि २२ जानेवारी १९४१ रोजी पकडली गेली. पंधरा वर्षांची शिक्षा झाली. १९४५ च्या एप्रिलअखेर अमेरिकन सैन्याने तुरुंगातून तिची सुटका केली. युद्धानंतर मात्र, ती साम्यवादी विचारांची म्हणून, तिच्याच शहराने तिला फारशी कामे दिली नाहीत. सन्मान आले ते उतारवयात; १९८० साली व्हिएन्ना शहराचे वास्तुकला पारितोषिक तिला मिळाले. १८ जानेवारी २००० रोजी, एकशे तिसऱ्या वाढदिवसाला पाच दिवस राहिले असता, तिचे निधन झाले. जो तो आपल्याला त्या एका स्वयंपाकघराविषयीच विचारतो, याचा म्हातारपणी तिला कंटाळा येई म्हणतात. पुढच्या काळात ती कपाटे लोकांनी उखडून फेकली. आणि जी थोडी उरली ती आता संग्रहालयांनी जपून ठेवली आहेत. न्यू यॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने २०१० साली स्वयंपाकघरांचे प्रदर्शन भरविले, त्यातही तिचे स्वयंपाकघर होते.

आपल्याकडेही ही वाट मुलींना खुली होऊन बरीच वर्षे झाली. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून पेरीन मिस्त्री यांनी १९३६ साली वास्तुकलेची पदविका घेतली. भारतातील पहिल्या स्त्री-वास्तुविशारद म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. आज वास्तुकलेच्या कोणत्याही महाविद्यालयात डोकावले तर मुली भरपूर दिसतात. भाचीच्या वर्गात मुलींचीच संख्या जास्त आहे.

तिच्या आराखड्याचे काय झाले, असे तुम्ही विचाराल. चार दिवसांनी तिने मला माझ्या नव्या स्वयंपाकघराचे चित्र दाखविले. ओटा तीन इंचांनी खाली, डबे हाताशी, सारे अगदी देखणे. मी म्हटले, "छान आहे गं. पण मी शेंगा निवडायला बसू कुठे? आणि नातू येतो तो या दाराबाहेरच राहणार का?" ती थोडा वेळ गप्प बसली. मग तिने खोडरबर घेतले, मधली भिंत पुसली आणि खिडकीशी एक लांब बाक काढला. लिहॉट्स्कीलाही, त्या सरकत्या दाराच्या आधी, असे कोणी विचारले असते तर बरे झाले असते, असे मला वाटून गेले.

हे सर्व लिहावयाचे आणखी एक कारण आहे. आपल्या वाडीतल्या तीन इमारतींच्या पुनर्विकासाची बोलणी चालली आहेत, हे सर्वांना ठाऊक आहे. सभेत नकाशे मांडले जातात. पुरुषमंडळी चौरस फूट मोजतात, गाडी कोठे लागेल ते विचारतात, आणि ते विचारावयास हवेच. पण मागच्या सभेत मी मुद्दाम नकाशा जवळून पाहिला. एका नमुन्यात स्वयंपाकघराला खिडकीच नव्हती. जी होती ती हवेच्या अरुंद बोगद्यात उघडत होती. शंभर वर्षांपूर्वीच्या व्हिएन्नातली ती बोळातली खिडकीच जणू पुन्हा समोर आली! आम्ही बायका मागच्या रांगेत बसून चहाची वाट पाहत होतो.

तेव्हा मंडळाच्या भगिनींना माझी विनंती आहे की, पुढच्या सभेला येताना प्रत्येकीने आपल्या ओट्याची उंची मोजून एका चिठ्ठीवर लिहून आणावी, आणि नव्या घरात आपल्याला काय हवे ते खाली दोन ओळींत लिहावे. आपण त्या साऱ्या चिठ्ठ्या एकत्र करून आखणी करणाऱ्यांच्या हाती देऊ. तेही कधी विद्यार्थी होतेच. कागदावर रेघ ओढण्यापूर्वी जाऊन पाहून या, असे त्यांनाही कोणी तरी शिकविलेच असेल. ते आले नाहीत, तर आपण त्यांना बोलावू.

माझी चिठ्ठी लिहून तयार आहे. पाट अजून भिंतीशीच आहे.